नाव न सांगणारा वायू

बापट बाई वर्गात आल्या की आधी हजेरी घेत नसत. आधी खिडक्या उघडत. पौषात राजमाचीकडून बोचरा वारा कर्जतच्या आमच्या शाळेत शिरायचा. मागच्या बाकावरून कोणी कुरकुरले की बाई म्हणत, "थंडीनं हुडहुडी भरते, पण ती सांगून तरी भरते. खिडकी उघडीच राहू दे."

बाई रसायनशास्त्र शिकवत. पुस्तकातले वाक्य वाचून दाखवणे त्यांना माहीत नव्हते. त्या आधी करून दाखवत, मग म्हणत, "आता बोला, काय पाहिलंत?" मॅट्रिकपर्यंत पोहोचलेली घरातली मी पहिलीच मुलगी. फळ्यावरचे जग माझ्यासमोर खरे होताना पाहून माझे पाय जमिनीवर राहत नसत.

त्या दिवशी कार्बनची दोन ऑक्साइडे होती. बाईंनी चुनखडीवर आम्ल ओतून वायू काढला. त्यात ओला निळा लिटमस धरला, तो लालसर झाला. चुन्याची निवळी दुधाळ झाली. मग त्या सगळे सामान घेऊन व्हरांड्यात गेल्या आणि आम्हाला लांब उभे केले. फॉर्मिक आम्लापासून त्यांनी दुसरा वायू काढला. लिटमस निळाच राहिला. निवळी स्वच्छच राहिली.

"कार्बन तोच," बाई म्हणाल्या. "पण इथे त्याच्याजवळ एकच ऑक्सिजन, म्हणून ऑक्सिडीकरणांक दोन. हा ना आम्ल, ना अल्क. दुसरा ऑक्सिजन आला की अंक चार. त्या दोघांनी इलेक्ट्रॉन ओढून घेतल्यावर कार्बन इतका भुकेला होतो की पाण्यालाच धरतो, आणि त्यातून आम्ल तयार होतं."

मग त्यांनी नळीच्या टोकाशी काडी लावली. निळी ज्योत उठली. तिच्यावर धरलेल्या चंचुपात्रात निवळी घालून हलवली, तर ती दुधाळ झाली. आमच्या डोळ्यांदेखत दोनाचे चार झाले होते. 

"दोघांतला घातक कोणता?"

सगळ्यांनी आम्ल करणाऱ्या पहिल्या वायूकडे बोट दाखवले.

"चूक. जो नाव सांगून येतो, त्याची भीती नाही. जो नाव सांगत नाही, त्याला भ्यावं. याला रंग नाही, वास नाही, आणि हा माणूस मारतो. कोळसा कोंडून जळला की हाच निघतो. असा कोळसा कुणाच्या घरी आहे?"

मी उभी राहिले. "बाई, आमच्या ताईच्या बाजेखाली."

मुली फिसकन हसल्या. बाई हसल्या नाहीत.

"बाळंतीण आहे?"

"हो. खोलीला वारा नको म्हणून आत्यानं फटींत चिंध्या कोंबल्यात. ताईचं डोकं कालपासून ठणकतंय. बाळ पण पीत नाही."

बाईंनी उपकरण बंद केले, वर्ग शेजारच्या गुरुजींना सोपवला आणि मला म्हणाल्या, "चल. पुढे हो."

दहिवलीच्या आमच्या बौद्धवाडीत शाळेतले कोणी याआधी आले नव्हते. आत्या दारातच उभी राहिली.

"बाई, वारं लागलं म्हंजी पोरीला? आन् धूर तरी कुटं हाय? निखारा कसा फुललाय बगा. काय वाईट हाय त्यात, दाखवा की मला."

रोज करून दाखवणाऱ्या बाई आज म्हणाल्या, "आत्याबाई, तेच दाखवता येत नाही. माझ्या कागदालासुद्धा तो नाव सांगत नाही, आणि जो नाव सांगत नाही, त्याला भ्यावं. म्हणून तर धावत आले."

आत्या हलली नाही. मग बाई म्हणाल्या, "शेक बंद करा असं मी म्हणत नाही. शेगडी अंगणात घ्या. फडकी तिथं तापवा नि आत न्या. तापवायला मी बसते."

मी शेगडी बाहेर आणली आणि त्या खरोखर अंगणात मांडी घालून बसल्या. पदर खोचून एकेक फडके निखाऱ्यावर धरू लागल्या. आत्या बघत राहिली. चहा विचारावा की नाही, हे तिला कळेना.

"निखारे आहेतच, आधण ठेवा की," बाईच म्हणाल्या.

आत्याने आधण ठेवले, मग आत जाऊन आपल्या हातांनी चिंध्या उपसल्या. संध्याकाळी ताई उठून बसली. बाळ रडले, आणि मग प्यायले.

पुढे मी पदवीधर झाले, खोपोलीच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत लागले. बाई गेल्याचे कळले तेव्हा ताईचा मुलगा माझ्याबरोबर आला. माझ्याहून उंच झालेला तो मुलगा त्यांच्या पायांवर डोके ठेवून बराच वेळ उठला नाही.

त्याच हिवाळ्यात पोशीरला नात्यातल्या एका बाळंतिणीला बघायला मी आत्याला घेऊन गेले. आत्याला आता नीट दिसत नव्हते. उंबऱ्यातच तिला आतली ऊब लागली आणि ती थांबली.

"खिडकी उघडा गं आदी," ती म्हणाली. "शेगडी भाईर काडा."

"अगं आत्या, धूर नाय कायच," आतून कोणी म्हणाले.

"म्हनून तर. जो नाव सांगत नाय, त्याला भ्यावं."

आणि ती अंगणात बसून फडकी मागू लागली.