काकांचे तीस टक्के

टक्केकाकांनी कुणाला "होईल हो सगळं" म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. ते आकडा सांगायचे. अमेरिकेत वेस्ट विंडसरच्या आमच्या मराठी घरांतून कुणी पार्टटाइम एमबीएला अर्ज करायचं ठरवलं, की मार्कशीट घेऊन आधी काकांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचं. काका चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ नेत, कोपऱ्यात पेन्सिलीने प्रवेश मिळण्याच्या शक्यतेचा आकडा लिहीत आणि म्हणत, "पंचावन्न. आता चहा घ्या." विमा कंपनीत त्यांचं काम माणसं किती जगतील याचा अंदाज बांधण्याचं. "तिथे चुकलो तर कंपनी रडते. इथे चुकलो तर तुम्ही पेढे आणता."

मी गेले ती शहाऐंशीच्या थंडीत. आई अंथरुणाला खिळली म्हणून नववीत माझी शाळा सुटली होती. पुढे मॅट्रिकपासून बी.ए.पर्यंत सगळं घरी बसून, बाहेरून दिलेलं. इथे बँकेत काउंटरवर होते. वरची जागा हवी तर एमबीए करा, असं मॅनेजर म्हणाला होता. अर्ज एकदाच करणार होते. नकार आला असता तर पुन्हा धीर झाला नसता. स्वतःला मी ओळखून होते.

काकांनी माझे बी.ए.चे चोपन्न टक्के पाहिले आणि टाइपरायटर ओढला. आपल्याकडे साठाला फर्स्ट क्लास धरतात, हे समजावणारं पत्र ते प्रत्येकाच्या अर्जाला जोडत. नाहीतर चोपन्न म्हणजे इथल्या लोकांच्या लेखी नापासच. मग त्यांनी अर्जासोबतचा माझा निबंध वाचला; शाळा सुटल्याचं त्यांना ठाऊक होतं.

"नववीचं कुठे गेलं?"

मी म्हटलं, लाज वाटते काका, ते कशाला सांगायचं.

"अगं, शाळा सुटल्यावरही शिकत राहिलेली बाई त्यांना रोज भेटते होय? सगळं लिही."

मी लिहिलं. त्यांनी मार्कशीटच्या कोपऱ्यात आकडा टाकला, तीस. माझा चेहरा पाहून काकू मला दारापर्यंत पोचवायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "घाबरू नकोस. ते नेहमी दहा कमी करून सांगतात." त्या चाळिसावर मी अख्खा हिवाळा काढला.

मार्चमध्ये इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं आणि त्याच आठवड्यात काका हॉस्पिटलमध्ये. इंटरव्ह्यूच्या दिवशी सकाळीच त्यांच्याकडे गेले. हाताला नळ्या, ओठ कोरडे. फोन करून इंटरव्ह्यू कॅन्सल करते म्हटलं, तर डोळे न उघडता म्हणाले, "माझे जगायचे पन्नास आहेत. पन्नासवाल्यापाशी कुणी बसून राहतं का? जा."

मी मनात दहा मिळवले. साठ. म्हणून गेले.

तिथल्या बाईंनी मार्कांचं काही विचारलं नाही. नववीचंच विचारलं. मी सगळं सांगितलं. बाहेर येऊन कॉरिडॉरमधल्या पब्लिक फोनवरून हॉस्पिटलमधल्या काकांच्या खोलीत फोन केला. काकूंनी उचलला. "कसा झाला गं?" एवढंच आधी विचारलं त्यांनी. बरा झाला म्हटल्यावर म्हणाल्या, "ते गेले. तू गेल्यावर तासाभरानं."

प्रवेशाचं पत्र घेऊन मी एप्रिलमध्ये त्यांच्याकडे गेले. पेढे नेले नाहीत, नेववले नाहीत. काकूंनी ते दोनदा वाचलं, घडी घालून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "डॉक्टरांनी आदल्या दिवशीच हात टेकले होते. तुझ्या काकांना सगळं सांगितलं होतं."

म्हणजे ते पन्नास मला धाडण्यासाठी वाढवून सांगितलेले होते.

काकांच्या फायलीतली माझ्या मार्कशीटची कॉपी काकूंनीच मला देऊन टाकली. पेन्सिलीचा तीस अजून दिसतो. काका दहा कमी करून सांगतात, एवढंच काकूंना ठाऊक होतं. माझ्या त्या तिसात त्यांनी पदरचे किती घातले होते, ते आता कुणाला विचारू?