त्या शाळेत मीही होतो

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. महिन्यापूर्वी भिकूची मुलगी सुमन दारात आली आणि म्हणाली, "काका, बाबा गेले." तेव्हा कळलं, आता टाळायलाही समोर कोणी उरलं नाही...

स्वातंत्र्याआधीची गोष्ट. गावच्या शाळेत महारांच्या मुलांना ओसरीवर बसवत, म्हणून नवघरला एका निवृत्त फौजी गुरुजींनी त्यांच्यासाठी दोन खोल्यांची शाळा काढली. आमची भातशेती होती, मिठागर होतं. गावच्या शाळेचे मास्तर बदलून गेले, नवे आलेच नाहीत, तेव्हा आईने मला वडिलांच्या नकळत गुरुजींकडे धाडलं. पहिल्या दिवशी मी आत न शिरता ओसरीवरच बसलो. वेगळ्या जातीच्याने बाहेर बसायचं, एवढी एकच रीत मला ठाऊक! भिकू बाहेर आला, मला बघून खो खो हसला. "अरं, ती जागा आमची हाय, तुजी न्हाय. चल आत!" मग दोन वर्षं आम्ही एकाच चटईवर बसलो. गावात मावशीकडे राहणारा उत्तनचा एक ख्रिस्ती मुलगाही नंतर शाळेत येऊ लागला. गणित मला भिकूनेच शिकवलं. चुकलो की म्हणायचा, "शेट, मीठ मोजाया तरी शीक!"

मग सरकारी मान्यतेसाठी तपासणीचे साहेब यायचे ठरले. गुरुजी म्हणाले, "इथं सगळ्या जातींची पोरं शिकतात, हे त्यांना दिसू दे." पण आदल्याच दिवशी वडिलांना सुगावा लागला आणि त्यांनी मला घरी बसवलं. हजेरीपटावर माझं नाव बघून साहेब चौकशी करत आमच्या अंगणात आले. मागे भिकू उभा.

"तू या शाळेत जातोस?"

वडील शेजारीच होते. मी म्हणालो, "नाही."

गुरुजींचा हजेरीपट खोटा ठरला. मान्यता मिळाली, पण वर्षभराने. तोवर, मान्यता नसलेल्या शाळेचा उपयोग काय म्हणून, भिकूच्या बापाने त्याला कामाला लावलं होतं... आमच्याच मिठागरावर.

दहाव्याच्या दिवशी मी सुमनला हे सगळं सांगितलं आणि लिहू का, असं विचारलं. ती स्वतः शाळेत शिकवते. म्हणाली, "काका, आम्हाला लहानपणापासून माहितीये. बाबा म्हणायचे, 'बाप बाजूला उभा व्हता, पोर काय करंल?' लिहा तुम्ही." त्या दिवशी, इतक्या वर्षांत प्रथमच, मी त्यांच्या घरी पोटभर जेवलो.

तरी हे त्याच्यासमोर बोलायचं होतं. कितीदा त्याच्याकडे गेलो, खोकल्याची चौकशी केली, चहा घेतला, परतलो. वाटेवर घोकलेलं एवढंच असायचं: "साहेबांपुढे मी खोटं बोललो, भिकू. त्यापायी तुझं शिकणं राहिलं. चुकलो रे मी."