अर्धी भिंत नवसाबाईची

नवसाबाईला मजुरांच्या नाक्यावर सगळे बिगारी म्हणतात आणि ते ऐकलं की आता माझं डोकं फिरतं. बावीस वर्षं ती गवंड्यांच्या हाताखाली घमेली उचलते आहे. त्यातल्या निम्म्या गवंड्यांपेक्षा तिला गिलाव्यातलं जास्त कळतं, आणि हे त्यांनाही ठाऊक आहे.

आमचं सातपूरचं घर बांधून नऊ वर्षं झाली, पण मागची भिंत उघड्या विटांचीच राहिली होती. दिवाळीनंतर चंदर मिस्त्रीला बोलावलं. नवसाबाई त्याच्याबरोबर आली. भिंतीवर हात फिरवून म्हणाली, "ईट लय कोरडी हाय. आज पाणी मारू, गिलावा उद्या करू."

"मिस्त्री तू का मी?" चंदर म्हणाला. "माल कालव."

तिनं सिमेंट-वाळूचा माल कालवला. चंदर डावीकडून गिलावा करत मधल्या पाइपापर्यंत आला आणि फोन येताच मोटारसायकलला किक मारून दुसऱ्या साइटवर पळाला. एका वेळी तीन घरांची कामं घ्यायची आणि तिन्हीकडे अर्धवट टाकायची, ही त्याची रीत.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन बंद. नवसाबाई मात्र आली होती. उरलेल्या भागावर तिनं आदल्या संध्याकाळीच भरपूर पाणी मारून ठेवलं होतं. अकरापर्यंत तिनं वाट पाहिली, मग कोपऱ्यात पडलेली चंदरची थापी उचलली. मी चहा घेऊन गेले आणि कपबशी हातात धरून बघतच राहिले. माल भिंतीवर बसत होता, खाली सांडतच नव्हता. संध्याकाळपर्यंत उजवी बाजू पूर्ण झाली.

तिसऱ्या दिवशी चंदर उगवला. भिंतीकडे बघून मला म्हणाला, "बघा ताई, कशी आरशासारखी केली!" नवसाबाई घमेली धुवायला लागली. आणि मी? मी त्याला चार शेजाऱ्यांसमोर नारळ, टॉवेल, टोपी दिली, कारण मान मिस्त्रीचा असतो. तिला ब्लाउजपीस दिलं. मला तोंड नव्हतं का? होतं. पण म्हटलं, कशाला उगाच वाद. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

पंधरा दिवसांत पाइपाच्या डावीकडे तडे गेले. बोटानं ठोकलं तर पोकळ आवाज. चंदरला बोलावलं, तर सगळ्या गल्लीसमोर म्हणतो, "माझ्या मागं बाईनं थापी धरली. बाईचा हात लागल्यावर दुसरं काय व्हणार?"

चोराच्या उलट्या बोंबा! मी म्हटलं, "तडे तुमच्या बाजूला आहेत, मी डोळ्यांनी बघितलंय." तो हसला आणि निघून गेला.

आठवड्यानं नवसाबाई दारात आली. "ताई, त्यानं नाक्यावर सांगितलं, मी तुमची भिंत बिघडवली. आठ दिस झाले, मला कोणी कामाला नेत नाय."

मी तिला आत बसवलं. म्हटलं, "डावी बाजू फोडून तुम्हीच करा. मिस्त्री तुम्हीच, माझ्या मते."

"तुमच्या घरात म्हणून मला काय उपेग, ताई?" ती चिडून म्हणाली. "टोपी त्याला चार लोकांत दिली ना? मग हे बी चार लोकांत सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी तिच्याबरोबर नाक्यावर उभी राहिले. पाच-सहा जण धावत आले. "ताई, काय पायजे? मिस्त्री का बिगारी?"

चंदर तिथंच तंबाखू मळत होता. मी त्याला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "चंदरची बाजू फुटलीय, नवसाबाईंची जशीच्या तशी आहे. मिस्त्री या आहेत. यांच्या हाताखाली बिगारी पाहिजे."

एकही जण हलला नाही. कोणी मोबाइल काढला, कोणी चप्पल झाडली. बाईच्या हाताखाली घमेलं उचलायला एवढ्या मोठ्या नाक्यावर एक माणूस मिळाला नाही!

"चला मिस्त्री," मी म्हटलं आणि तिला घेऊन घरी आले. पदर खोचला, वाळू चाळली, माल कालवायला बसले. नवसाबाईनं थापीवर थोडा माल घेतला, बघितला आणि परत घमेल्यात आपटला.

"पाणी किती वतलं, ताई? असला माल भिंतीला लागत नसतो. कालवा परत."

मी परत कालवला.