हद्दाची मूठ

रोज पहाटेची नमाज झाली की हद्दाखाला पाण्याच्या खोलीचं कुलूप काढायची, मागेपुढे पाहायची आणि शुद्ध पाण्याच्या टाकीत मूठभर मीठ टाकायची.

आतलं पाणी शुद्ध करायचं यंत्र राजधानीहून, ट्युनिसहून आलं होतं, खाला त्याची राखणदार. आमच्या विहिरीचं पाणी खारट तर होतंच, पण त्यातल्या कसल्याशा विषाने अख्ख्या गावाचे दात तपकिरी आणि म्हाताऱ्यांचे गुडघे वाकडे. यंत्रातल्या पातळ पडद्यांतून पाणी दाबून नेलं की ते विष आणि मीठ दोन्ही मागे राहायचं.

पहिल्याच आठवड्यात गावातल्या वडीलधाऱ्या हाज बेलगासेमने त्या पाण्याचा चहा चाखला आणि पेला वाळूत उपडा केला. "हद्दा, हा चहा आहे की चहाची आठवण?"

दुसऱ्या दिवशी सगळं गाव पुन्हा विहिरीवर. खालाची नात रहमा तेव्हा सहा वर्षांची, दुधाचे दात पडत होते. नवे कोणत्या रंगाचे येणार, एवढाच खालाला घोर. म्हणून ती मूठ. विष बाहेरच राहिलं, चव तेवढी परत आली. पाठोपाठ गावही आलं.

"यंत्राला आता अक्कल आली," हाज म्हणाला.

पाणी तपासायला येणाऱ्या सरकारी तपासनीसाची मात्र अक्कल चालेना. त्याचं मापक दर खेपेला क्षार जास्त दाखवायचं. त्याने दोनदा पडदे बदलले. तिसऱ्यांदा तो ट्रक घेऊनच आला. या गावाचं पाणी शुद्ध होण्यातलं नाही, यंत्र दुसऱ्या गावाला न्यायचं, असा कागद होता.

त्याच वेळी रहमा कॅन भरायला आली. समोरचे दोन नवे दात, पांढरे. खालाने अंगाभोवती गुंडाळलेल्या मलहफ्याच्या आतून मिठाचा डबा काढून तपासनीसापुढे ठेवला.

"पडद्यांना बोल लावू नकोस, बाळा. हे माझं काम."

 तपासनीसाने मिठाच्या आणि बिनमिठाच्या, दोन्ही पाण्यांचा चहा मागवला, दोन्ही प्यायला, आणि खालाला तराजूवर मूठ उघडायला लावली. तीनदा. तिन्ही वेळा वजन तेच भरलं. ट्रक रिकामा गेला. तेव्हापासून सरकारी नोंदवहीत छापील रकाना आहे: 'मीठ – हद्दाची एक मूठ.' कचेरीने पुढे मापाचा चमचाही धाडला. तो साखरेच्या डब्यात गेला.

बारा वर्षांनी खालाने अंथरूण धरलं. किल्ली रहमाकडे गेली. एका सकाळी सुनेने चहा दिला. खालाने एक घोट घेतला, जिभेवर घोळवला, खारट लागला तसा पेला परत केला.

"रहमाला सांग, मूठ जरा आवळून धर."