धारेवर नजर

वर्ध्याहून सकाळच्या एसटीने निघताना घरी सांगितलं, नीळकंठची नाव पाहायला चाललो. खरं तर मी तिच्यात खोट शोधायला चाललो होतो.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नीळकंठ आणि मी एकाच वर्कशॉपात पाना धरायला शिकलो. मी विहिरींवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करत राहिलो. तो दहा वर्षं कोकणात बंदरावर काढून गावी परतला, वर्धा नदीत शिडाची नाव घातली आणि तिच्या पोटात पाणी उपसायचं जुनं इंजिन बसवलं. गिऱ्हाईकं मलाच येऊन सांगत, मिस्तरी, एकदा पाहून या.

तळेगावला गाडी बदलली. भजी खाताना शेजारच्या म्हाताऱ्यानेही न विचारता त्याच नावेचं कौतुक केलं. अर्धी भजी टाकून उठलो.

घाटावर नीळकंठने मिठी मारली. गोदावहिनींनी चून (पिठलं) आणि भाकर वाढली. मग त्याने फळी उचलून इंजिन दाखवलं. सागवानी पाया, नटांखाली रबर, डिझेलच्या नळीवर तेलाचा ओघळ नाही. माझ्या हातचं एकही इंजिन इतकं स्वच्छ नव्हतं.

इंजिन थंड ठेवायला नदीचं पाणी आत ओढलं जाई आणि मागच्या नळीतून धार बाहेर पडे. धार थांबली की इंजिन तापून जाम होणार. नीळकंठ सुकाणूवर, त्याला ती दिसत नसे. मला मागे बसवून म्हणाला, "धारेवर नजर ठेवजो गड्या. पुरानं शेवाळ लय आलं."

पलीकडच्या बाजाराला निघालेली आठ माणसं बसली. नदीच्या मध्यावर धार बारीक झाली, मग सुतासारखी, मग थेंब थेंब. मी पाहत होतो. एकदा बंद पडू दे, एवढंच मनात होतं.

इंजिन कण्हलं आणि थांबलं. बाया घाबरल्या. नीळकंठने शांतपणे शीड चढवलं आणि नाव काठाला लावली. उतरता उतरता एक जण म्हणाला, "याले तं वाराबी आयकते."

तेही मला सहन झालं नाही.

नीळकंठने इंजिनाला हात लावून पाहिला. "तुले धार दिसली नाई का बे?"

"टोपलीवाली बाई मधात बसलती."

"मंग चूक माह्यीच. तिले तिथं बसवाले नाई पाह्यजे होतं."

दोन दिवस राहून इंजिन खोललं. पिस्टन आणि त्याभोवतीची स्लीव्ह, दोन्ही गेले होते आणि नवे घ्यायला त्याच्याकडे पैसे नव्हते. तो हंगाम त्याला शिडावरच काढावा लागला. वारा नसेल त्या दिवशी नाव खुंट्यालाच. गावात मात्र माझं नाव झालं, मित्रासाठी राबला म्हणून.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसलो. माझं खोटं त्याने किती सहज खरं मानलं होतं. मी त्याच्या जागी असतो तर आधी मित्राचाच संशय घेतला असता. त्याच्या इंजिनाचा हेवा पुढे ओसरला. त्या विश्वासाचा अजून वाटतो.