माणशी फक्त तीनशे वीस

रोहिणीचं ठरत आलेलं लग्न मी बीजगणिताने मोडलं. रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं कुरकुरत होतात, "आजी, या अल्जिब्राचा पुढे उपयोग काय?" तेव्हा आजोबा खोकत बाहेर निघून गेले, ते यामुळे.

रोहिणी ही चाकूरच्या भास्करभाऊजींची, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांची, मुलगी. मुलगा नांदेडचा. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. (याआधी आलेली सगळी स्थळं हिने नाक मुरडून परत पाठवली होती. आता मात्र भांडी घासतानाही गुणगुणत असे!) राहिलं होतं एवढंच, की आपल्या रिवाजाप्रमाणे मुलीकडच्यांनी मुलीला घेऊन मुलाचं घर पाहून यायचं, तिथे जेवायचं आणि सुपारी फोडायची. मुलाच्या आईने फोनवर बजावलं होतं, "घरचेच या. आमची जागा लहान आहे."

भाऊजींनी आठ जणांसाठी जीप ठरवली. "पाच हजार म्हणायलाय जीपवाला, वहिनी. लई झाले की!"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण शाळेत जन्मभर गणित शिकवलेली बाई गप्प कशी बसणार? मी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं.

"हे बघा भाऊजी. गाडीभाडं हा स्थिर खर्च, माणसं कितीही असोत. वाटेतला चहा-नाश्ता माणशी ऐंशी. माणसं क्ष धरा. भाड्याला क्षने भागा, त्यात ऐंशी मिळवा, की माणशी सरासरी आली. जीपला सातशे पाच पडतात. आता पन्नास जणांची बस घ्या. भाडं बारा हजार. माणशी फक्त तीनशे वीस!"

"निम्म्याहून कमी?" भाऊजींचे डोळे मोठे झाले.

"बस भरली तर."

"मंग भरू की!"

आणि आम्ही बस भरली. आधी भावकी, मग शेजारी, मग किल्लारीच्या आत्याबाई आणि त्यांचं अख्खं भजनी मंडळ! एकेक माणूस वाढलं की मी सरासरी खोडून नवी लिहायची. "शेवटच्या मंगलबाई आल्या, जवळजवळ पाच रुपये उतरले!" रोहिणी दबक्या आवाजात म्हणाली, "काकू, त्यांनी घरच्यांनाच बोलवलंय." मी म्हटलं, "अगं, तू आकडा बघ."

नांदेडला बस गल्लीत शिरेना. पन्नास माणसं पायी निघाली. मुलाची आई कुंकवाचं ताट घेऊन दारात उभी होती. तिने शेजारणीला विचारलेलं मी स्वतः ऐकलं, "आज कुणाची मिरवणूक आहे हो?" मग तिला सर्वांत पुढे मी दिसले.

"ताई... हे सगळे तुमचे?"

"हाव," माझ्याआधी भाऊजीच अभिमानाने म्हणाले, "बसच केली!"

घरात स्वयंपाक होता बारा माणसांचा. पहिल्या पंगतीला पुरणपोळी मिळाली, दुसरीला वरणभात. तिसऱ्या पंगतीसाठी खुद्द नवरा मुलगा स्कूटरवरून खानावळीत पळाला. तो पोळ्या आणायचा, भजनी मंडळ संपवायचं, तो पुन्हा पळायचा! शेवटी आत्याबाई टिपेच्या आवाजात म्हणाल्या, "साध्या पोळ्या पुरंना झाल्यात. असल्या घरात पोरगी द्यायची व्हय?"

मुलाचे वडील शांतपणे म्हणाले, "देऊ नका."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या समीकरणातला प्रत्येक स्वस्त क्ष त्या बाईंच्या चुलीवर येऊन बसला होता, आणि तो खर्च मी कुठेच धरला नव्हता. सुपारी ताटात तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. (पत्रिका केव्हाच जुळली होती!)

त्या संध्याकाळी आम्ही परत निघालो. चाकूरला बस रिकामी झाली, लोक 'बरं वाटलं' म्हणत घरी गेले. ड्रायव्हरने हात पुढे केला.

"वहिनी," भाऊजी म्हणाले, "माणशी तीनशे वीसच ना?"

"हो."

"मंग एकूण सोळा हजार झाले की! जीपनं सहाच्या आत भागत होतं."

मी सरासरी काढली होती. एकूण खर्च काढायचा राहिला होता, आणि तो मुलीच्या बापानेच द्यायचा असतो, हे मला आकड्यांच्या नादात आठवलंच नाही. आजही ते गणित तपासलं तर भागाकार अगदी बरोबर येतो.

रोहिणी रडली नाही, भांडली नाही. बसमधून उतरताना एवढंच म्हणाली, "काकू, मला तो आवडला होता." भांडी घासताना ती पुन्हा गुणगुणल्याचं मी ऐकलं नाही.

पुढे हिमायतनगरचं स्थळ आलं. घर पाहायला बाप-लेक दोघंच एसटीने गेली. लग्न ठरल्याचं मला भाजीवालीकडून कळलं. लग्नाला आम्ही गेलो. आजोबा चपला ठेवायला मागे थांबले आणि मी एकटीच पुढे गेले. रोहिणीने वाकून नमस्कार केला, माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि विचारलं, "काकू, आणखी कोणी आहे?"

खरं सांगते, मीसुद्धा आधी मागे वळून मोजलं, एकटे आजोबा येत होते, मगच म्हणाले, "नाही गं, आज एकच क्ष आणलाय."