नागऱ्याचे पाणी आणि पुण्याचा तांब्या

गाडी सुटायला चार मिनिटे असताना सुमनने मला एकच गोष्ट सांगितली. "बाबा, तिथे नाही म्हणून येऊ नका." मी म्हणालो, आधी बघून तर येऊ दे.

सुमन माझी थोरली मुलगी. वय बावीस, शाळेत शिक्षिका. उन्हाळ्यात नागपूरला शिक्षकांचे शिबिर झाले, तिथे तिची वसंत नावाच्या शिक्षकाशी ओळख झाली. मुलगा आमच्याच ज्ञातीचा. घराणे तीन पिढ्यांपूर्वी चाकरीनिमित्त भंडारा जिल्ह्यात गेले आणि गोंदियाजवळच्या नागरा या गावी धानाची शेती घेऊन राहिले. वसंतची सात पत्रे आली होती. सातही सुमनने मला वाचायला दिली. मुलगा तिला पसंत होता. घर बघून होकार कळवणे एवढे काम माझ्याकडे होते.

विदर्भ मुंबई राज्यात आला त्याला वर्ष होऊन गेले होते, पण आमच्या आळीच्या लेखी तो परदेशच होता. शेजाऱ्यांनी मला सहा सूचना दिल्या : वाघ असतात, हिवताप असतो, पाणी बाधते, मिरची सोसत नाही, मराठी कळत नाही आणि माणसे फटकळ असतात. मी त्या वहीत ओळीने लिहून घेतल्या आणि पुढे शेऱ्यासाठी जागा सोडली. मी पाणीपुरवठा खात्यात एकवीस वर्षे नोंदी ठेवतो, त्यामुळे तिसरी सूचना मला विशेष पटली. फिरकीचा तांब्या उकळून गार केलेल्या पाण्याने भरून गळ्यात अडकवला. ते पाणी भुसावळला संपले. तिथून पुढे स्टेशनांवरचे पाणी मी धीर करून प्यायलो.

अकोल्याच्या पुढे समोरच्या बाईंनी संत्रे सोलले आणि निम्मे माझ्यापुढे धरले. मी रीतीप्रमाणे "नको, नको" म्हणालो. त्यांनी "बरं" म्हणून ते स्वतः खाल्ले. मला संत्रे हवे होते. या गोष्टीचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता.

तिसाव्या तासाला गोंदिया आले. स्टेशन मोठे आहे. एका अंगाला मोठे रूळ, दुसऱ्या अंगाला छोट्या गाडीचे अरुंद रूळ, आणि सगळीकडे तांदळाच्या गिरण्यांचा कोंडा उडतो. फलाटावर मी मराठीत विचारले की उत्तर हिंदीत येई. नागऱ्याच्या मंडळींनी पत्रात उतरायला घरीच या म्हणून कळवले होते, पण मुलीच्या बापाने आधीच भार टाकू नये म्हणून मी स्टेशनजवळच्या धर्मशाळेत उतरलो. तिथल्या मुनीमजींनी वहीत माझे गाव लिहिताना विचारले, "पूना? वो तो बंबई के पास है ना?" मी म्हणालो, एकशे एकोणीस मैल आहे. ते म्हणाले, "पास ही तो हुआ."

मी त्यांच्याकडे चूल मागून वीस मिनिटे पाणी उकळले, तांब्या भरला आणि टांगा केला. टांगेवाला नागऱ्याच्याच बाजूचा होता.

"कोठून येऊन राहिले जी?" त्याने विचारले. (इकडे 'येत आहात'ला असे म्हणतात. 'जी' आदरार्थी आहे.)

"पुण्याहून."

"काऊन?" (म्हणजे 'का'.)

पुण्यात अनोळखी माणसाला असे कोणी विचारत नाही. मी म्हणालो, "खासगी काम आहे."

"मंग पोरगी द्याले आले असान," तो म्हणाला आणि घोड्याकडे वळला. सहाव्या सूचनेपुढे मी 'खरे आहे' असा शेरा लिहिला.

गोंदिया ते नागरा तीन मैल. दोन्ही बाजूंना धान. हलका, म्हणजे लवकर येणारा, धान कापून झाला होता, भारी धान पिवळा होऊन उभा होता. मधे तळी, एका मैलात मी चार मोजली. वाघ दिसला नाही. गावाच्या तोंडाशी जुने महादेवाचे देऊळ आहे. त्याचे दगड एकमेकांत असे बसवले आहेत की मधे नखही जात नाही. मी प्रयत्न करून पाहिला.

वसंतच्या घरी सगळे ओसरीवर वाट बघत होते. वडील बापूजी, साठीचे, आवाज मोठा. आई भागीरथीबाई, त्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या. वसंत उंच, सावळा, अबोल. तो माझ्याशी अगदी पुस्तकातली मराठी बोलला आणि प्रत्येक वाक्यानंतर त्याने घाम पुसला.

अंगणात पाय ठेवताच भागीरथीबाईंनी पितळी लोटा पुढे केला. "पानी घ्या जी."

मी म्हणालो, "नको, आणलंय." आणि तांब्या दाखवला. मग गप्पांना काही विषय हवा म्हणून म्हणालो, "आमच्याकडे पाणी म्हणतात."

"हो का," बापूजी म्हणाले.

थोड्या वेळाने बशीभर वडे आले. बरबटीचे (चवळीचे) होते, वास उत्तम होता. मी सकाळपासून दोन केळ्यांवर होतो. आमच्या घरी पाहुणा पहिल्यांदा नको म्हणतो, यजमान आग्रह करतो, पाहुणा पुन्हा नको म्हणतो, आणि तिसऱ्या खेपेला 'तुमचा आग्रहच आहे तर' म्हणून घेतो. मी पहिले 'नको' म्हणालो. भागीरथीबाईंनी बशी उचलून आत नेली. मी ती परत येण्याची अकरा मिनिटे वाट पाहिली. जेवणाचेही तसेच झाले. बापूजींनी "जेवता का?" असे एकदा विचारले, मी "कशाला उगीच" म्हणालो, आणि ते "बरं" म्हणाले.

मग मी घर पाहिले. चार खोल्या, कोरडा पाया, विहीर एकोणीस हात खोल, गोठा वास घरात येणार नाही अशा अंगाला. विहिरीत डोकावून मी कठड्याविषयी दोन सुधारणा सुचवल्या. निघताना म्हणालो, "घरी विचारून कळवतो." पुण्यात याचा अर्थ होकार असाच असतो. माणूस पहिल्या दिवशी हो म्हणून मोकळा होत नाही, इतकेच. वसंत मला फाटकापर्यंत सोडायला आला.

धर्मशाळेत येऊन मी सुमनला कार्ड लिहिले : घर चांगले आहे, माणसे चांगली आहेत, आग्रह करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी नागऱ्याची मंडई होती. दिवाळीनंतर इकडे प्रत्येक गाव आपापला दिवस ठरवून ही जत्रा भरवते. त्या दिवशी घरोघर पाहुणे येतात, आणि सोयरिकीही बहुतेक याच दिवसांत जुळतात, कारण सगळे नातेवाईक आयते जमलेले असतात. ही शेवटची माहिती मला दुपारी मिळाली. सकाळी मिळती तर बरे झाले असते.

मी दोन वाजता तांब्या आणि छत्रीसह मंडईत पोहोचलो. पानवाले, बांगडीवाले, जिलेबीच्या कढया. मैदानाच्या मधोमध दंडार चालली होती. हा इकडचा नाचगाण्याचा खेळ असतो. पुरुषच बायकांची कामे करतात, ढोलकी आणि झांज वाजते, आणि मधे मधे सोंगे येतात. मी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशेजारी जागा धरली.

एक सोंग आले. डोक्यावर काळी टोपी, काखेत छत्री, गळ्यात दोरीने बांधलेला तांब्या. ते पावले मोजत चालत होते. एक विहीर म्हणून टोपली ठेवली होती, त्यात डोकावून त्याने मान हलवली. नाचणाऱ्या बाईने लोटा पुढे केला.

"पानी घ्या जी."

"पानी नाई, पा-णी."

"बरं, पाणी घ्या."

"नोको. पुन्याहून पिऊन आलो."

"मंग वडा खा."

"नोको. पुन्याहून खाऊन आलो."

"मंग बसा तरी."

"नोको. पुन्याहून बसून आलो."

लोक हसू लागले. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने सोंगाकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा सोंगाकडे. "टोपी चुकली गा त्याची," तो म्हणाला. "तुमची जरा लहान हाय."

सोंगाला शेवटी विचारले, "पोरगी देता का जी?" ते म्हणाले, "घरी इचारून सांगतो," आणि छत्री उघडून पळाले. सगळ्यात जास्त हशा त्यावर पिकला.

मी म्हाताऱ्याला म्हणालो, "मी खरोखरच घरी विचारून सांगणार आहे."

"आता कायले सांगता?" तो म्हणाला. "तुमी तं काल नाई म्हनून गेले. पानी बी नाई घेतलं त्यायच्या घरचं. सोयरीक पाहाले येऊन पानी नाई घेतलं म्हनजे का समजाचं मानसानं? भागीरथी रातभर बोलली नाई. आता आमगावचे पावने आले हायेत त्यायच्या घरी, पोरगी द्याले. जाऊन राहिले असतीन आतापर्यंत वडे पोटात."

सुमनचे स्टेशनवरचे वाक्य मला तेव्हा शब्दशः आठवले. मी नाही म्हणून आलो होतो, आणि ते मला वीस तासांनी कळत होते.

मैदानापासून घर सहाशे चाळीस पावले. एकोणपन्नासाव्या वर्षी मी ती धावलो. आमगावचे पाहुणे, धोतर नेसलेले दोघे, ओसरीवर बाजेवर बसले होते. हातात रिकामे लोटे. बापूजी समोर होते. वसंत खांबाला टेकून उभा होता आणि त्याचे कोणाकडेच लक्ष नव्हते. भागीरथीबाई दारात आल्या.

काय बोलावे हे मी वाटेत ठरवले होते, पण त्यात एक अडचण होती. तांब्या भरलेला होता, आणि मी खोटे बोलत नाही. म्हणून आधी फिरकी काढली, दोन शेर उकळलेले पाणी अंगणातल्या पपईच्या बुंध्याशी ओतले, आणि मग म्हणालो, "वहिनी, तांब्या रिकामा आहे. मला तहान लागली आहे. आणि भूकही लागली आहे, कालपासून."

असे वाक्य मी जन्मात दुसऱ्याच्या घरी उच्चारले नव्हते.

भागीरथीबाई जागच्या हलल्या नाहीत. "मंग काल काऊन नाई म्हनलं?"

"आमच्याकडे पहिल्यांदा नको म्हणायची रीत आहे. तीनदा आग्रह झाला की घेतात."

"तीनदा?" बापूजी म्हणाले. "एकदा म्हनलेलं आयकू येत नाई का पुन्यात?"

"येतं. पण तसं दाखवायचं नसतं."

आमगावच्या पाहुण्यांनी यावर आपापसात विचार केला. भागीरथीबाईंनी मात्र सरळ मुद्द्यावर बोट ठेवले. "तुमची पोरगी बी अशीच हाय का जी? माह्या पोरानं तिले इचारलं, तं तिनं कितव्या खेपेले हो म्हनलं?"

मी वसंतकडे पाहिले. तो आता खांबाला टेकलेला नव्हता.

"पहिल्याच," मी म्हणालो. "ती माझ्यावर गेलेली नाही. आणि तिच्या वतीने मीही आज पहिल्याच खेपेला हो म्हणतो."

लोटा आला. पाणी गार होते, किंचित खारट, आणि अर्थातच न उकळलेले. मी सगळे प्यायलो आणि दुसरा लोटा मागितला. बापूजींनी जागा करून दिली. आमगावचे थोरले पाहुणे म्हणाले, "मंग आमी कायले आलो जी?" धाकटे म्हणाले, "मंडई पाहाले आलो म्हनू." दोघांनी एकेक वडा घेतला आणि ते मंडई पाहायला गेले. त्यांच्या जागी पुण्याचा माणूस असता तर तीन महिने पत्रे लिहून रागावला असता.

मी सात वडे खाल्ले. शिवाय भात, लाखोळीच्या डाळीचे वरण आणि भेदराची (टोमॅटोची) चटणी. चौथ्या सूचनेपुढे 'अर्धी खरी' असा शेरा आहे. ताटावर बसल्यावर वसंत पहिल्यांदा त्याच्या बोलीत बोलला : "अजून भात घेता का, मामाजी?" मी हो म्हणालो. त्याने तिसऱ्या वाढणीनंतर विचारणे बंद केले, कारण मी नाही म्हणायला शिकलेलो नाही असे त्याला वाटले असावे.

दुसऱ्या दिवशी निघताना भागीरथीबाईंनी माझा तांब्या स्वतः विहिरीवर नेऊन भरून दिला. सहा सूचनांचा हिशेब गाडीत पुरा झाला. वाघ शून्य, हिवताप शून्य, पाणी बाधले नाही. मराठी कळली. फटकळपणाविषयीचा शेरा मी खोडला आणि पुढे काहीच लिहिले नाही. सांगतात तेच त्यांच्या मनात असते, यासाठी आमच्याकडे शब्द आहे की नाही हे मला आठवेना. परक्या मुलखात आपण त्या लोकांना न्याहाळत असतो असे मी समजत होतो. ते आपल्याला जास्त नीट न्याहाळतात, आणि त्यांच्याकडे ढोलकी असते.

वर्ध्याला शेजारच्या गृहस्थांनी डबा उघडून "घेणार का?" असे विचारले. मी लगेच "घेतो" म्हणालो. ते पुण्याचे निघाले. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही.

घरी पोहोचलो तेव्हा माझे कार्ड अजून यायचे होते. सुमन दारातच होती. तिने आधी माझ्या गळ्यातला तांब्या काढून घेतला. तो जड लागला.

"यात काय आहे?"

"पाणी. नागऱ्याच्या विहिरीचं. वसंतच्या आईने भरून दिलंय."

तिने फिरकी काढली आणि उंबऱ्यातच उभ्याने ते पाणी प्यायला सुरुवात केली. पाणी एकतीस तासांचे शिळे होते आणि उकळलेले नव्हते. खात्यातल्या माणसाने ते होऊ द्यायला नको होते. मी होऊ दिले. तिने तांब्या रिकामा केला.